ॲप अडले, तर चूक कोणाची? समजून घ्या ‘मानवकेंद्री डिझाइन’

बारामती : सुप्याच्या जिरायत भागातला बाजरी उत्पादक असो, निरा डाव्या कालव्याखालचा ऊस बागायतदार असो की इंदापूरचा डाळिंब उत्पादक, सातबाऱ्यावर पीक नोंदवण्यासाठी सर्वांना ‘ई-पीक पाहणी’ ॲप उघडावे लागते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी ही नोंद स्वतः करू लागले. नोंद राहिली, तर नुकसानभरपाई किंवा हमीभावाने विक्री करताना अडचण येते. त्यामुळे ॲप वापरायला सोपे असणे महत्त्वाचे ठरते.

मानवकेंद्री डिझाइन म्हणजे काय?
आधी माणूस, मग तंत्रज्ञान. ॲप कोण, कुठे आणि कशासाठी वापरणार हे पाहून रचना करायची. नमुना त्याच लोकांच्या हाती देऊन तपासायचा. सुधारून पुन्हा तपासायचा. त्यासाठी ‘आयएसओ 9241-210’ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. अमेरिकी डिझाइनतज्ज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 मधील पुस्तकात मांडले, की वापरणारे वारंवार चुकत असतील, तर दोष बहुधा रचनेत असतो.

‘ई-पीक पाहणी’त हे कुठे दिसते?
• ओळखीचे शब्द : ‘कायम पड’, ‘चालू पड’, ‘बांधावरची झाडे’ हे शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यातलेच आहेत.
• चूक सुधारण्याची सोय : 2022 च्या सुधारित आवृत्तीत नोंद 48 तासांत स्वतः दुरुस्त करण्याची मुभा आली.
• शेतातली वस्तुस्थिती : मिश्र पिकासाठी मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके नोंदवण्याची सोय झाली.

अडते कुठे?
फोटो शेतात उभे राहूनच काढायचा असतो. तिथे ऊन असते, रेंज जाते, फोन जुना असतो आणि ओटीपी कधी मुलाच्या मोबाइलवर जातो. कार्यालयात बसून ॲप तपासले, तर यातले काहीच दिसत नाही. अशा वेळी नुसते ‘सर्व्हर एरर’ उपयोगाचे नाही. ‘माहिती फोनमध्ये जतन झाली, रेंज आल्यावर पाठवा’ असे सांगणारा संदेश हवा.

तपासणी कशी करायची?
दूध संस्थेचे, पतसंस्थेचे ॲप बनवणाऱ्यांना किंवा विद्यार्थ्यांनाही हे जमते.
1. वेगवेगळ्या वयाचे पाच जण निवडा. अभ्यासक जेकब निल्सन यांच्या मते एवढ्यांतच बहुतेक मोठ्या अडचणी कळतात.
2. ‘अर्धा एकर ऊस नोंदवा’ असे एकच काम द्या.
3. मध्ये शिकवू नका. बोट कुठे थांबते, ते टिपा.
4. तिथला शब्द किंवा बटण बदला आणि पुन्हा तपासा.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने ऊसशेतीत आता एआयचाही वापर होत आहे. उपग्रह आणि सेन्सर कितीही आकडे देवोत, शेतकऱ्याचा प्रश्न साधा असतो : आज पाणी द्यायचे की नाही? त्याचे उत्तर मोबाइलवर पहिल्याच नजरेत मिळायला हवे.