पानाच्या टोकावरून ओळख बँक्सियाची

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या दक्षिणेला, १८७९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल नॅशनल पार्कमध्ये समुद्रालगत वालुकाश्माचे विस्तीर्ण माळ आहेत. निकृष्ट माती आणि खारा वारा यांमुळे तेथे खुरट्या झुडपांचेच राज्य असते. ऐन हिवाळ्यात या माळांवर केशरी कणसे उभी राहतात. ती बँक्सियाची. जोसेफ बँक्स या निसर्गअभ्यासकाने १७७० मध्ये जवळच्याच बॉटनी बे येथे या वनस्पतींचे नमुने गोळा केले; त्याचेच नाव १७८२ मध्ये या प्रजातीला मिळाले. आपल्याकडे बागांमध्ये आणि चहामळ्यांत लावला जाणारा सिल्व्हर ओक याच कुळातला.

या माळांवर दोन बँक्सिया शेजारी शेजारी वाढतात आणि नवख्याची फसगत होते. एक एरिसिफोलिया, दुसरी स्पायन्युलोसा. दोहोंची शेकडो बारीक फुलांनी भरलेली कणसे सारखीच भासतात. रंगात छटाभेद असल्याने त्यावर विसंबणे धोक्याचे. खात्रीची खूण पानात असते. एरिसिफोलियाचे पान जेमतेम एक ते दोन सेंटिमीटर लांब, सुईसारखे अरुंद असून त्याच्या टोकाला बारीकशी खाच असते. स्पायन्युलोसाचे पानही अरुंदच, पण कित्येक पटींनी लांब. टोकाकडच्या कडेला त्याला बारीक दाते असतात.

हा फरक केवळ हौशी अभ्यासकांपुरता नाही. वणव्यात एरिसिफोलियाचे झुडूप मरते. मात्र, वर्षानुवर्षे झाडावरच बंद राहिलेली तिची काष्ठमय फळे आगीच्या धगीने उघडतात आणि राखेवर बी पडून नवी रोपे उगवतात. याउलट, येथील स्पायन्युलोसाच्या बुंध्याशी जमिनीत लाकडी गाठ असते. तिच्यातून पुन्हा कोंब फुटतात.

जानेवारी १९९४ च्या वणव्यात या उद्यानाचा बहुतांश भाग जळाला होता. अशा आगीनंतर बुंध्याशी दिसणारे हिरवे कोंब पाहून सगळीच बँक्सिया वाचली, असा समज होऊ शकतो. एरिसिफोलियाच्या रोपांना मात्र फुलून बी धरायला काही वर्षांची उसंत लागते. त्याआधीच दुसरा वणवा आला, तर त्या जागेवरून ती नाहीशी होते आणि हिवाळ्यात तिच्या मधावर जगणाऱ्या पक्ष्यांचा आधारही जातो. दोन वणव्यांत किती अंतर हवे, हे ठरवताना म्हणूनच पानाच्या टोकावरची खाच महत्त्वाची ठरते.