भरीव ओतलेल्या तोफा

जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या लोकांना. ती गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या पक्षाच्या तोफा कुठे ओतल्या गेल्या, ते पाहायला मी रिचमंडला गेले.

जेम्स नदीकाठी, कालव्याच्या पाण्याच्या जोरावर 1837 साली ट्रेडेगर आयर्न वर्क्स उभं राहिलं. यादवी युद्धात दक्षिणेसाठी इथे सुमारे 1,100 तोफा झाल्या. ‘व्हर्जिनिया’ या युद्धनौकेचं लोखंडी चिलखतही इथलंच. कारखाना 1950च्या दशकात बंद पडला, पुढे इमारतींची डागडुजी झाली आणि आता तिथे संग्रहालय आहे.

मी रेंगाळले ते 1861च्या विटांच्या तोफशाळेत. बिडाचा रस उभ्या साच्यात ओतायचा, भरीव तोफ निवू द्यायची आणि मग तिची नळी कोरून काढायची, ही इथली रीत. पण भरीव बीड बाहेरून आधी आवळतं. आतलं मागाहून आकसताना ताण धरून बसतं, आणि असा ताण राहिलेली तोफ बार काढताना फुटू शकते. थॉमस रॉडमनने पोकळ गाभ्याभोवती रस ओतून, गाभ्यातून थंड पाणी खेळवून तोफ आतून निववली. लष्कराला ही पद्धत पटली; पण ट्रेडेगरचा मालक जोसेफ अँडरसन युद्ध सुरू होईपर्यंत भरीव ओतकामालाच चिकटून राहिला. एवढ्या जाणत्या माणसाचा हा हट्ट मला अजून उलगडत नाही.

मजुरीच्या बाबतीत मात्र तो चटकन बदलला. गुलामांना कामावर घेऊ नका म्हणून 1847 साली गोऱ्या कारागिरांनी संप केला. त्याने संपकऱ्यांनाच घरी पाठवलं. त्याच्याकडच्या गुलाम कारागिरांपैकी इमॅन्युएल क्विव्हर्सने जादा कामाचे पैसे साठवून 1852 साली स्वतःची आणि बायकामुलांची सुटका विकत घेतली, आणि कॅलिफोर्निया गाठलं. भट्टीच्या धगीत दिवसाचं काम उरकून पुन्हा जादा काम, तेही स्वतःचीच किंमत मालकाला चुकती करण्यासाठी! इथल्या कुठल्याही तोफेपेक्षा मला हा माणूस मोठा वाटतो.

युद्धात कारखान्याला कच्चं बीडच पुरेना. कंपनीने दूरच्या भट्ट्या ताब्यात घेतल्या, तिथेही गुलाम राबवले. तरी ट्रेडेगर पूर्ण क्षमतेने कधी चाललं नाही. एप्रिल 1865 मध्ये रिचमंड जळत असताना कारखान्याच्या पहारेकऱ्यांनी तो वाचवला. त्याच वर्षी अँडरसनला राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळाली आणि पुढे कारखाना पुन्हा सुरू झाला. मुक्त झालेल्या गुलामांना मागच्या श्रमांची भरपाई सरकारने कधीच दिली नाही.