मुसीकाठची चिंच

हैदराबादेत अफझलगंजला उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचं एक जुनं झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी नदीला महापूर आला, पूल तुटले, हजारो माणसं बुडाली. त्या लोंढ्यात सुमारे दीडशे माणसं या झाडावर चढून वाचली. दीडशे जिवांचा भार आणि वर पुराचा रेटा, एका झाडानं पेलला!

कसा पेलला असेल? चिंचेचं सोटमूळ खोल जातं, आडवी मुळं दूरवर पसरतात. लाकूड चिवट, फांद्या वाकतात पण सहजी मोडत नाहीत.

नदीकाठची झाडंझुडपं मिळून याहून मोठी करामत करतात. बारीक मुळ्या माती धरून ठेवतात. गवत-झुडपांत पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की गाळ बसतो, आणि त्याच गाळात पुढचं बी रुजतं. काठ स्वतःच स्वतःला बांधत जातो! १९०८सारखा महापूर झाडांनी अडत नाही, हे खरं. तो अडवायला अभियंते विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानं शहराच्या वरच्या अंगाला उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. पण काठाची दरवर्षीची धूप थांबवायला मुळंच हवीत.

चिंच फार पूर्वी आफ्रिकेतून आलेली. दख्खनच्या नदीकाठची अस्सल मंडळी म्हणजे करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. करंजाच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. उंबराची फळं खायला पाखरं आणि वटवाघळं येतात आणि इतर झाडांचं बी टाकून जातात. आपण एक उंबर लावावा, पुढची लागवड पाखरांनी करावी!

असा काठ परत आणणं ठेकेदाराच्या एका हंगामाचं काम नाही. काठावर माजलेली वेडी बाभूळ एकदम तोडली तर माती उघडी पडते. ती टप्प्याटप्प्यानं काढावी लागते. बी जवळपासच्याच जुन्या झाडांचं हवं. रोपं मृगाच्या पावसावर लागतात, पण त्यांना दोन-तीन उन्हाळे पाणी घालायला शेजारपाजारचीच माणसं लागतात.

दरवर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादचे नागरिक या चिंचेखाली जमतात, पुरात गेलेल्यांची आठवण करतात. पावसाळा तेव्हा सरत आलेला असतो आणि जूनमध्ये लावलेल्या रोपांना माणसाच्या हातचं पाणी लागायला सुरुवात होणार असते. कोणतं रोप कोणी सांभाळायचं, हे वाटून घ्यायला यापेक्षा योग्य दिवस नाही.