नकाशा भिंतीवरून जमिनीवर उतरवा

गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरांवर आहे. तरी ती त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. महाराष्ट्राच्या भूगोलातली ही थक्क करणारी गोष्ट वर्गात मात्र क्वचितच तशी पोचते. उगमाचं नाव आणि नदीची लांबी अशा दोन रिकाम्या जागा भरल्या की विषय संपतो. आता गोदावरीचा नकाशा एका सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणात जमिनीवर काढला आहे असं समजा. त्र्यंबकेश्वरवर उभ्या राहिलेल्या चौथीतल्या मुलीला पश्चिमेचा समुद्र दोन पावलांवर दिसतो. नदीच्या रेषेवरून ती पूर्वेकडे निघाली तर मात्र तिला साडेचौदा मीटर चालावं लागतं. वर्गाची खोली त्याला पुरत नाही, नदी दाराबाहेर पटांगणात जाते. समुद्र इतका जवळ असताना नदी उलटी का गेली, हा प्रश्न मग शिक्षकांना विचारावा लागत नाही. ती मुलगीच विचारते आणि सह्याद्रीचा कणा उगमाच्या पश्चिमेला आहे हे उत्तर तिला पायाशीच सापडतं.

असे चालायचे नकाशे कॅनडा आणि अमेरिकेतल्या शाळांमधून फिरत असतात. १९२९ साली स्थापन झालेल्या रॉयल कॅनेडियन जिऑग्राफिकल सोसायटीचा शिक्षण विभाग ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असे व्हिनाइलवर छापलेले नकाशे शाळांना वापरायला देतो. नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीने काढलेले खंडांचे नकाशे ३५ फूट बाय २६ फुटांपर्यंतचे आहेत. शाळेच्या सभागृहात नकाशा अंथरायचा, बूट काढून ठेवायचे आणि मोज्यांनिशी त्यावर उतरायचं, अशी रीत. लांबून पाहणाऱ्याला हा खेळाचा तास वाटतो आणि अशा नकाशांचं कौतुकही बहुतेक वेळा याच कारणासाठी होतं, की मुलांना मजा येते. माझ्या मते हे कौतुक चुकीच्या जागी पडतं. नवलाई एका तासात ओसरते. जमिनीवरच्या नकाशाचं खरं मोल हे, की तो दिशा खऱ्या करतो आणि अंतर शरीराला कळेल असं करतो. या दोन्ही गोष्टी भिंतीवरच्या नकाशाला जमत नाहीत, म्हणून तो जमिनीवर उतरवायला हवा.

दिशेचं आधी पाहू. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर छताकडे असते आणि दक्षिण फरशीकडे. मोठ्यांना ही सोय आहे हे ठाऊक असतं. मूल तिचा शब्दशः अर्थ घेऊ शकतं. उत्तर म्हणजे उंच, दक्षिण म्हणजे सखल आणि नद्या वरून खाली, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणार, हा समज भिंतीवरचा नकाशा नकळत पोसतो. मग नर्मदा आणि तापी पश्चिमेला कशा जातात हे समजावण्याऐवजी ‘अपवाद’ म्हणून पाठ करून घ्यावं लागतं. नकाशा जमिनीवर पसरला आणि होकायंत्राने त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवली, की वर-खालीचा घोळ मिटतो. नकाशावर पूर्वेकडे तोंड केलं की खरोखरच पूर्वेकडे तोंड होतं. मार्व्हिन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये सार्वजनिक ठिकाणी लावलेल्या ‘तुम्ही इथे आहात’ छापाच्या नकाशांबद्दल नेमकं हेच दाखवून दिलं होतं. नकाशाची दिशा भोवतालच्या जागेशी जुळलेली नसेल, तर मोठी माणसंही चुकीच्या बाजूला चालू लागतात. मोठ्यांची ही गत, तर दहा वर्षांच्या मुलाकडून मनातल्या मनात नकाशा फिरवून घेण्याची अपेक्षा आपण पहिल्याच धड्यात का करतो?

अंतराचा प्रश्न याहून खोल आहे. टेबलावर मावणारी वस्तू, एका नजरेत भरणारी खोली, चालत फिरल्यावरच कळणारं गाव आणि नकाशाशिवाय कधीच न कळणारा देश, असे जागेचे वेगवेगळे प्रकार माणसाचं मन वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळतं, असं डॅनियल मॉन्टेलो या भूगोलाच्या अभ्यासकाने १९९३ मध्ये मांडलं. पाठ्यपुस्तकातला नकाशा देशाला वस्तूच्या मापात आणतो. हे फार उपयोगी आहे, पण त्यात फिरण्याचा अनुभव पूर्ण गळून पडतो. जमिनीवरचा नकाशा मधली पायरी पुरवतो. तो एका नजरेत जवळजवळ मावतो, तरी त्यात चालावं लागतं. ही पायरी लागतेच, कारण प्रमाण ही कल्पना मुलांना वाटते तितकी सहज येत नाही. भूगोलाचे अभ्यासक रॉजर डाउन्स आणि मानसशास्त्रज्ञ लिन लिबेन यांनी लहान मुलांना नकाशे दाखवून प्रश्न विचारले, तेव्हा नकाशावरची रेघ रस्ता असूच शकत नाही, कारण तिच्यावर दोन गाड्या मावणार नाहीत, अशा अर्थाची उत्तरं त्यांना मिळाली. लाल रेघेने दाखवलेला रस्ता प्रत्यक्षातही लालच असेल, असंही काही मुलांना वाटलं.

आता सुरुवातीच्या, एका सेंटिमीटरला एक किलोमीटर प्रमाणाच्या नकाशावर पाऊस मांडून पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सुमारे १०० किलोमीटरांवर, माण तालुक्यातल्या दहिवडीला तो जेमतेम ५०० मिलिमीटरांच्या आसपास. शंभर मिलिमीटरला एक चिंचोका धरला तर एका जागी साठ चिंचोक्यांचा ढीग होतो आणि एक मीटरवर फक्त पाच चिंचोके. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ ही व्याख्या ज्या मुलाने घोकली आहे आणि ज्याने हे दोन ढीग स्वतः मांडले आहेत, त्या दोघांची समज सारखी असेल असं मला वाटत नाही. हा नकाशा आणखी एक चकवाही उघडा पाडतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. आडव्या अंतराच्याच प्रमाणात हे शिखर उभं करायचं तर ते फक्त दीड-पावणेदोन सेंटिमीटर उंच होईल. प्रदर्शनात मातीचे उंचच उंच सह्याद्री दिसतात, त्यात उंची मुद्दाम कित्येक पट वाढवलेली असते. इतक्या बुटक्या भिंतीने ढग अडतात आणि पाचशे मिलिमीटरचा मुलूख तयार होतो, हे कळणं म्हणजे भूगोल कळणं.

निसर्गशिक्षणात तर असा नकाशा अधिकच कामाचा आहे, कारण प्राण्यांच्या हालचाली नकाशाशिवाय समजतच नाहीत. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये जिच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची खूणपट्टी लावली होती, ती ऑलिव्ह रिडले जातीची कासवी २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर भरतं. एका मीटरला ५०० किलोमीटर असा भारताचा नकाशा असेल, तर जमिनीवरून आडवं गेल्यास ओडिशा ते गुहागर तीन मीटर आणि कासवीच्या वाटेने सात मीटर. ती श्रीलंकेला वळसा घालून आली की पाल्कच्या सामुद्रधुनीतून, हे धातूची पट्टी सांगू शकत नाही. मुलांनी दोन्ही वाटा दोरीने मोजाव्यात आणि भांडावं. इथे कॅनडातल्या एका नकाशाची आठवण होते. २०१८ मध्ये तिथे मूळनिवासी लोकांचा चार खंडांचा ॲटलास निघाला. त्याच्या जोडीला तयार झालेल्या जमिनीवरच्या नकाशात प्रांतांच्या सीमा गाळलेल्या आहेत आणि मूळनिवासी भाषा, प्रदेश, त्यांच्याशी झालेले करार दाखवले आहेत. राज्यांच्या रंगीत ठिगळांपलीकडे भूमी कशी दिसते, हे मुलांना त्यावरून कळतं. कासवी, नदी आणि मोसमी वारा यांनाही त्या ठिगळांशी देणंघेणं नसतं.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आला आहे तो प्रयोगशाळेतून आणि तो टाळता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी लहान मुलांना एका खोलीची छोटी प्रतिकृती दाखवली, तिच्यात इवलंसं खेळणं लपवलं आणि तसंच मोठं खेळणं खऱ्या खोलीत शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ते जमलं, अडीच वर्षांच्यांना सहसा जमलं नाही. पुढचा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. मुलांना आधी त्या प्रतिकृतीशी खेळू दिलं की त्यांचं यश घटलं आणि प्रतिकृती काचेआड ठेवली की अडीच वर्षांच्या मुलांचं वाढलं. वस्तू म्हणून ती जितकी आकर्षक, तितकं तिच्यात दुसऱ्या कशाचं चिन्ह पाहणं कठीण. मग ज्या नकाशावर उड्या मारायच्या, तो चिन्ह न राहता नुसती रंगीत सतरंजी होणार नाही का? होईल, आणि जिथे नकाशा अंथरून ‘आफ्रिकेवर उडी मारा’ एवढंच सांगितलं जातं, तिथे तसं होत असणारच. डीलोश यांची मुलं तीन वर्षांची होती आणि नकाशा शिकणारी मुलं आठ-दहा वर्षांची असतात, हे खरं. तरी इशारा मोलाचा आहे. मोजल्याशिवाय, प्रत्यक्ष ठिकाणाशी ताडल्याशिवाय नकाशावर पाऊल टाकू देऊ नये.

यावरचा तोडगा दोनशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या येव्हरडाँ इथल्या शाळेत सापडला होता. शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझी यांच्या त्या शाळेतली मुलं आधी जवळच्या खोऱ्यात फिरायला जात, येताना तिथली माती आणत, टेबलावर त्या खोऱ्याचा उठाव करत आणि त्यानंतरच त्यांच्यापुढे नकाशा ठेवला जाई. आधी जागा, मग प्रतिकृती, शेवटी चिन्ह. आधुनिक भूगोलाचे एक संस्थापक कार्ल रिटर यांनी पेस्टालोझींचं ऋण मानलं, ते उगाच नव्हे. पडद्यावरचे उपग्रह नकाशे हे सगळं फुकट दाखवतात, मग जमीन कशाला, या दुसऱ्या आक्षेपालाही याच क्रमात उत्तर आहे. पडद्यावर दोन बोटं पसरली की प्रमाण बदलतं आणि आधीचं अंतर कुठे गेलं हे कळत नाही. ज्याच्या मनात एक पक्कं प्रमाण बसलं आहे, त्याच्यासाठी पडदा अप्रतिम साधन आहे. ते बसेपर्यंत मात्र न बदलणारा नकाशाच हवा.

आपल्याकडे एक आक्षेप भावनेचा निघेल, की देशाच्या नकाशावर पाय द्यायचा का? तो हसण्यावारी नेऊ नये. वाराणसीच्या भारतमाता मंदिरात मूर्तीच्या जागी अखंड भारताचा संगमरवरी उठावाचा नकाशा जमिनीवर आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते ते खुलं झालं. तो नकाशा कठड्याबाहेरून पाहायचा असतो. तो घडवून घेणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांना ही कल्पना सुचली ती पुण्यात, महर्षी कर्व्यांच्या आश्रमात जमिनीवर केलेला भारताचा मातीचा नकाशा पाहून. म्हणजे वंदनाचा नकाशा शिकण्याच्या नकाशातून जन्मला. ज्यांना देशावर पाऊल ठेवणं खटकतं त्यांच्यासाठी सोपी वाट आहे. सुरुवात देशापासून करूच नये. त्याला व्यवहारातलंही कारण आहे. भारताच्या बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे आणि मुलांनी हाताने काढलेल्या सीमा चुकणारच. तालुक्याचा, नदीच्या खोऱ्याचा नकाशा काढताना ही अडचण येत नाही. शिवाय त्या जमिनीवर मुलं रोज अनवाणी चालतच असतात.

राहिला खर्च. कॅनडासारखे छापील नकाशे फिरवायला संस्था आणि वाहतूक लागते, पण जिल्हा परिषदेच्या शाळेला त्याची गरज नाही. सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे मिळतात. अशी एक पत्रिका महाराष्ट्रात साधारण २७ किलोमीटर लांब-रुंद मुलूख दाखवते, वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषांसह. तिच्यावर चौकटी आखून ती दसपटीने मोठी केली की सुमारे साडेपाच मीटरचा चौकोन होतो आणि तो कुठल्याही शाळेच्या पटांगणात बसतो. या प्रमाणात एक मीटर म्हणजे पाच किलोमीटर, म्हणजे माणूस तासाभरात चालतो तेवढी वाट. मुलांना हे माप आधीच ठाऊक असतं, कारण शेजारच्या गावाच्या बाजाराला जायला किती वेळ लागतो हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. सीमा कबड्डीच्या मैदानासारख्या फक्कीने आखाव्यात, ओढे निळ्या खडूने, डोंगर गेरूने. ऑइलपेंटने कायमचा नकाशा रंगवण्याचा मोह टाळावा. फक्कीचा नकाशा पहिल्या पावसात धुऊन गेला की पुढच्या वर्षीच्या मुलांना तो पुन्हा काढावा लागेल, आणि तेव्हा त्यांना विचारावं लागेल की मागच्या वर्षी बारमाही दाखवलेला ओढा यंदाही तसाच काढायचा का, नवा पाझर तलाव कुठे आला, कोणत्या विहिरी फेब्रुवारीतच आटल्या. त्यासाठी गावात फिरून चौकशी करावी लागेल. प्रत्येक वर्षीच्या नकाशाची एक प्रत कागदावर उतरवून शाळेच्या कपाटात ठेवली, तर दहा वर्षांनी गावाच्या पाण्याची अशी नोंद हाती येईल, जी आज बहुतेक ग्रामपंचायतींकडेही नाही.