गोड्या पाण्याचे संयंत्र, जहाजावरील
समुद्राच्या पाण्यापासून पिण्यास व बाष्पित्रात वापरण्यास योग्य असे गोडे पाणी जहाजावरच तयार करणारी यंत्रणा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात. ती वेगळी करण्यासाठी डीझेल जहाजांत बहुधा निर्वात ऊर्ध्वपातनाचा अवलंब करतात. एंजिन थंड करून आलेल्या सु. ८०° से. तापमानाच्या पाण्यातील उष्णता एरवी वायाच जाते. तीच येथे कामी येते. बंद पात्रातील हवा इजेक्टराने काढून आतील दाब वातावरणीय दाबाच्या सु. एक-दशांश केला की, समुद्राचे पाणी सु. ४६° से.ला उकळू लागते. वाफ तारेच्या जाळीतून संघनकात जाते व तेथे तिचे पाणी होते.

संयंत्राची निगा म्हणजे मुख्यतः निर्वाताची निगा होय. सांध्यातील रबरी पट्टीतून थोडी हवा आत शिरली किंवा इजेक्टराचे तोंड झिजले की, उकळण्याचे तापमान वाढते, उत्पादन घटते आणि तापलेल्या नळ्यांवर कॅल्शियम कार्बोनेटाचे पुट लवकर बसते. हे पुट उष्णतेला अडविते. निर्वात फार वाढला तरीही इष्ट नाही. उकळी उसळून खारे थेंब वाफेबरोबर जातात. पुट टाळण्यासाठी समुद्राचे पाणी मुबलक सोडतात, म्हणजे उरलेले पाणी फार खारट होत नाही. बसलेले पुट सौम्य अम्लाने काढतात.

तयार पाण्याची लवणता विद्युत् संवाहकतेवरून मोजतात. ती ठरविलेल्या मर्यादेपेक्षा (बहुधा दशलक्ष भागांत १० भाग) वाढल्यास झडप आपोआप फिरून ते पाणी टाकीत जाऊ देत नाही. मापकाची विद्युत् अग्रे मळली असल्यास लवणता खऱ्याहून कमी दिसते. म्हणून ती वेळोवेळी पुसावी लागतात. लवणता एकाएकी वाढल्यास संघनकाची नळी गळत असल्याचा संशय प्रथम घेतात.

हा मापक मीठ ओळखतो, जंतू नव्हे. ४६° से.ला सर्व जंतू मरत नाहीत. यामुळे बंदरात, खाडीत व किनाऱ्यापासून सु. २० सागरी मैलांच्या आत पिण्याचे पाणी सामान्यतः तयार करीत नाहीत. खोल समुद्रातील पाण्यावरही क्लोरीन किंवा जंबुपार किरण यांची प्रक्रिया करतात. एंजिनाच्या पाण्यात गंज रोखण्यासाठी पूर्वी क्रोमेटे घालीत. ती विषारी असून गळक्या नळीतून संयंत्रात येऊ शकतात, म्हणून अशा जोडणीत ती वर्ज्य मानतात.

वाया जाणारी उष्णता पुरेशी नसल्यास व्युत्क्रमी तर्षणाचा उपयोग करतात. यात वातावरणीय दाबाच्या ५० ते ७० पट दाबाने पाणी पातळ पटलातून ढकलले जाते. या पटलांना गाळ व तेल बाधते. पॉलिअमाइडाची पटले तर क्लोरिनानेच खराब होतात, त्यामुळे येथे क्लोरीन पाणी तयार झाल्यावरच मिसळतात.