काढून टाक की ते!

मिशिगनमध्ये ऑक्टोबर सरता सरता रस्त्यावर मीठ टाकायची तयारी सुरू होते आणि माझ्या लाल मियाटाचा मोसम संपतो. 1990 सालची माझदा. दोनच माणसांची, छत मागे टाकता येणारी, 1.6 लिटरचं इंजिन. मीठ पत्रा खातं, म्हणून हिवाळाभर ती गॅरेजमध्ये झाकलेली असते. गेल्या वर्षी झाकायच्या आधीच तिची कुरबुर सुरू झाली. हायवेला लागलं की तापमानाचा काटा मध्यावरून खाली घसरायचा, सिग्नलला थांबलं की परत वर यायचा. हीटर नुसती कोमट फुंकर घालायचा. पेट्रोलही जास्त पीत होती.

कोल्हापूरच्या मामांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मामांनी आयुष्यभर जीप आणि ट्रकची इंजिनं खोलली आहेत.

"काटा खाली येतोय म्हणजे गार चाललंय की इंजिन. रडतोस कशाला?" आणि मग, "थर्मोस्टॅट उघडाच अडकला असणार. काढून टाक की ते! आमच्याकडं कोण ठेवतंय?"

निदान बिनचूक होतं, उपाय मात्र पटला नाही. आपल्याकडे गाडी तापली की मेकॅनिक पहिल्यांदा हेच करतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. थर्मोस्टॅट काढला, भंगाराच्या डब्यात टाकला, गिऱ्हाईक खूश. कधीकधी तो खरंच बंद अवस्थेत अडकलेला असतो. पण बरेचदा दुखणं गाळानं भरलेल्या रेडिएटरचं किंवा थकलेल्या पंपाचं असतं आणि ते पुढच्या चढापर्यंत झाकलं जातं, एवढंच.

थर्मोस्टॅट म्हणजे दरवान. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवतो, म्हणजे आतलं पाणी आतच फिरून लवकर तापतं. इंजिन गार राहिलं तर कॉम्प्युटरला वाटतं, अजून सकाळच आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑइलमध्ये ओल धरते, ती उडून जायला हवी तेवढी उष्णता मिळत नाही. सिलिंडरची झीजही थंड इंजिनातच जास्त. या दरवानाच्या पोटात मेण असतं. तांब्या-पितळेच्या छोट्या कुपीत भरलेलं हे मेण ठरावीक तापमानाला वितळतं, फुगतं आणि दांड्याला ढकलतं. ना वीज, ना सेन्सर. 1930च्या दशकात सर्जियस व्हर्ने यांनी ही युक्ती काढली. त्याआधी उडणारा द्रव भरलेले भाते असत.

काम शनिवारी काढलं. थर्मोस्टॅटच्या घराच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, कारण ॲल्युमिनियमच्या घरात 34 वर्षं बसलेला लोखंडी बोल्ट कधी मान टाकेल, भरवसा नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, खाली पसरट टब ठेवला आणि प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग हलक्या हातानं सैल केला. या गाडीत साधारण 6 लिटर कूलंट बसतं. टब ताबडतोब उचलून वर ठेवला. कूलंटला गोडसर चव असते आणि शेजाऱ्यांचा कुत्रा चाटायला आला तर जिवावर बेतेल.

थर्मोस्टॅटचं घर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, वरचा होज पाइप जिथं येतो तिथं. त्याच्या खाली अल्टरनेटर. म्हणून आधी अल्टरनेटरला प्लॅस्टिकची पिशवी घातली. एक बोल्ट बाराच्या सॉकेटनं लगेच सुटला. दुसऱ्यानं मात्र अर्धा तास खाल्ला: थोडं सोडायचं, थोडं उलटं आवळायचं, परत तेल. कुईं असा आवाज करत तो आला, आटे शाबूत.

जुना थर्मोस्टॅट हातात घेऊन बल्बसमोर धरला. तोंड मिटलेलं नव्हतं, फटीतून उजेड दिसत होता. मामांचं बरोबर होतं.

नवा बसवायच्या आधी उकळून बघायचा होता. बायकोनं स्वयंपाकघरातलं एकही पातेलं द्यायला साफ नकार दिला (तिचं चुकलं नाही). शेवटी गॅरेजमधल्या कॅम्पिंगच्या शेगडीवर एक भंगार डबा चढवला, नवा आणि जुना दोघेही तारेनं लटकवले आणि थर्मामीटर सोडला. 80ला काही नाही. 85ला काही नाही. 88च्या आसपास नव्यानं ओठ विलग केले, एवढे हळू की बघत नसतो तर कळलं नसतं. जुना तसाच आ वासून.

बसवताना एकच गोष्ट जपायची. थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक हलणारी पिन असते, ती वरच्या बाजूला यायला हवी. अडकलेली हवा तिथूनच निसटते. थर्मोस्टॅटची बैठक घासून साफ केली, नवं गॅस्केट लावलं, बोल्ट 25 न्यूटन-मीटरच्या आत आवळले.

थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला का, हे कळायला इथं इंजिनाची कुंडली सांगायला हवी. हे इंजिन मुळात माझदाच्या 323 या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीचं. तिथं ते आडवं बसायचं आणि पाणी पंपाच्या विरुद्ध टोकानं बाहेर पडायचं. मियाटात ते उभं बसवलं, तेव्हा ते टोक केबिनच्या भिंतीकडे गेलं, म्हणून पाण्याची वाट पुढे आणली. आता पाणी पुढून शिरतं आणि पुढूनच निघतं. मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला कमी येतं. रेसिंगवाले वाट परत मागे नेतात. रोजच्या वापराला तेवढी गरज नाही, असं माझं मत.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, म्हणजे उणे 35 अंशांपर्यंत चिंता नाही. गाडीचं नाक जॅकनं वर उचलून स्टँडवर ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. सुरू केली. काटा चढू लागला, हीटरमधून मात्र गार वारा. म्हणजे हीटरच्या नळीत हवा अडकलेली. बंद केली, होज पाइप दाबला, तोंडाशी डबडब बुडबुडे आले, पातळी खाली गेली. पुन्हा भरलं. तिसऱ्या खेपेला हीटरनं गरम श्वास सोडला आणि काटा मध्याजवळ येऊन थांबला. दुसऱ्या दिवशी हायवेवर तो तिथून हलला नाही.

पाण्याचा पंप तसाच ठेवला. तो काढायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो. बेल्ट उन्हाळ्यात बदलायचा आहे, तेव्हा दोन्ही एकदमच.

मामांना उकळत्या डब्याचा व्हिडिओ पाठवला. तीन दिवस उत्तर नाही. मग त्यांचा व्हिडिओ आला: स्टोव्हवर पातेलं, त्यात गॅरेजच्या खणातून शोधून काढलेले तीन जुने थर्मोस्टॅट, वेगवेगळ्या गाड्यांतून त्यांनीच कधीतरी काढून टाकलेले. पाणी उकळलं तेव्हा दोन उघडले. गार झाल्यावर दोन्ही बंद झाले.