पानाची खालची बाजू

तुडतुडे आणि पांढरी माशी कपाशीच्या पानाखाली बसतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतात अंतिम वर्षाच्या अभियांत्रिकीच्या मुलांचा फवारणी ड्रोन पाहताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. सहा पंखांचं, १० लिटर टाकीचं ते यंत्र उडालं की पोरं टाळ्या वाजवतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

२०१७ साली याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. छातीएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्याच्या तोंडावर औषधाचा तुषार येतोच. माणसाला त्या तुषारातून बाहेर काढणारं प्रत्येक यंत्र मला महत्त्वाचं वाटतं. म्हणूनच ते नुसतं उडून भागत नाही.

सुरुवातीला टाकीनेच छळलं. तासाच्या टोकाला ड्रोन थांबला की आतलं पाणी पुढे आदळे आणि यंत्र झोल खाई. मुलांनी टाकीत भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या बसवल्या; हिसका बराच कमी झाला.

मग पिवळे कागद आले. पाण्याचा थेंब पडेल तिथे निळे होणारे हे कागद त्यांनी झाडाच्या शेंड्याला, मध्यावर आणि बुडाशी, पानाच्या दोन्ही बाजूंना टाचले. फवारणी साध्या पाण्याचीच. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनने साधारण १०. एवढ्या थोड्या पाण्यात वाया गेलेला थेंब परवडत नाही.

शेंड्याचे कागद निळेशार झाले. शेतमालक काकांनी मधलं पान उलटून दाखवलं, "पोट्टेहो, खालून तं कोरडंच हाय!"

त्यावर मुलांनी वाद घातला नाही, हे मला फार आवडलं. त्यांनी नोझल पंख्यांच्या थेट खाली आणले, ड्रोन तीन मीटरवरून दोन मीटरवर उतरवला, वेग कमी केला. पंख्यांच्या वाऱ्याने पानं उलटू लागली आणि मधल्या पानांच्या पाठीवर निळे ठिपके आले. बुडाचे कागद मात्र पिवळेच राहिले.

वेग कमी केल्यावर एका चार्जिंगमध्ये कमी रान होतं. काकांना आता बॅटरीच्या दुसऱ्या जोडाचा खर्च जाणून घ्यायचा आहे, आणि मुलं तो एकराच्या हिशेबाने मांडत बसली आहेत.